गावाकडच्या सामाईक जमिनीवर घर: ना हरकत, बिनशेती की नगररचना?

प्रश्न थोडक्यात असा. गाव सातारा जिल्ह्यात, विचारणारे नोकरीनिमित्त ठाण्यात. वडील, दोन चुलते आणि आत्या यांच्या नावावर १ हेक्टर २० आर जिरायत जमीन सामाईक आहे. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या कोपऱ्यात अकराशे चौरस फुटांचं साधं, तळमजल्याचं घर बांधायचं आहे. ग्रामसेवक म्हणतात, "मासिक सभेत ठराव घेऊन ना हरकत देतो, बांधा खुशाल." बँक म्हणते, बिनशेती (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी) आणि मंजूर नकाशा आणा. गावातले एक जाणकार छातीठोक सांगतात की ३२०० चौरस फुटांपर्यंत आता काहीच लागत नाही. यातलं खरं कोणाचं आणि अर्ज करायचा तरी कुठे, असं विचारलंय.

मी परवानाधारक अभियंता आहे. वीसेक वर्षं सातारा, वाई, कोरेगाव या भागात घरांचे नकाशे करून मंजुरीला लावते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येतो. आधी एक सांगते, तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाहीये. ग्रामसेवक गावठाणातल्या घराचं बोलताहेत, जाणकार काका लहान भूखंडाचं बोलताहेत आणि बँक तुमच्या सातबाऱ्याकडे बघून बोलतेय. "अर्ज कुठे करू" हा तुमचा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा, की तुमचा तो रस्त्याकडेचा कोपरा कायद्याने कुठे मोडतो? ते ठरलं की अर्ज कुठे जाणार हे आपोआप ठरतं. ते न ठरवता नकाशा काढायला घेतलात तर नकाशाचे पैसे दोनदा जातील.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे गावठाण, म्हणजे गावातली वस्तीसाठी ठेवलेली मूळ जागा. गावठाणाच्या हद्दीत बिनशेतीचा प्रश्नच येत नाही. तिथे ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगी ग्रामपंचायतीची. त्या जागेला सातबाराही नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि जिथे गावठाणाची मोजणी झाली आहे तिथे मिळकत पत्रिका असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन फिरवून गावठाणं मोजली गेली, त्या पत्रिका याच. तुमच्याकडे मात्र सातबारा आहे, म्हणजे तुमची जागा गावठाणाच्या बाहेर आहे. इथे ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला फायलीतला एक कागद म्हणून लागू शकतो, पण ती बांधकाम परवानगी होत नाही. ग्रामसेवकांनी उद्या घराला नंबर दिला, घरपट्टी लावली, तरीही नाही. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. बेकायदा घरालाही घरपट्टी लागते, आणि ती भरल्याची पावती दाखवून आजवर कुणाचं घर कायदेशीर झालेलं मी पाहिलेलं नाही. हा नमुना ८ आणि तलाठ्याकडचा ८-अ यांतही लोक हमखास गल्लत करतात. ८-अ हा तुमच्या शेतजमिनीच्या खात्याचा उतारा, आणि तुमच्या फायलीला लागणार तो ८-अ.

गावठाणाबाहेर तीन शक्यता उरतात. एक, तुमचा कोपरा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल. दोन, प्रादेशिक योजनेच्या किंवा विकास योजनेच्या नकाशात तो रहिवास विभागात असेल. तीन, तो शेती विभागात असेल. आणि या तिन्हींच्या आधी एक पाहून घ्या: गाव एखाद्या प्राधिकरणाच्या किंवा नव्याने झालेल्या नगरपंचायतीच्या हद्दीत गेलंय का? पुण्याच्या आसपासची किती तरी गावं पीएमआरडीए या विकास प्राधिकरणात आहेत, तिथे बांधकामाची फाईल तिकडेच जाते. तुमच्या वर्णनावरून हा प्रश्न दिसत नाही, पण गावाचं नाव लिहिलेलं नाहीत म्हणून सांगून ठेवते.

आता २०० मीटरचं, कारण तुमची आशा यावरच दिसते. "शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे," असं तुम्ही लिहिलंय. महसूल संहितेचं कलम ४२-ड असं सांगतं, की गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासी वापरासाठी बिनशेती झाल्याचं मानलं जाईल. वेगळा बिनशेती आदेश मागावा लागत नाही. लागू असेल ते शुल्क आणि नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, तेवढी भरावी लागते. विकासाला मनाई असलेली जमीन यातून वगळलेली आहे. पण हे २०० मीटर शेवटच्या घरापासून मोजत नाहीत. ते भूमी अभिलेखाच्या गाव नकाशावरच्या गावठाण हद्दीपासून मोजतात, आणि गाव नकाशावरचं गावठाण तुमच्या आजोबांच्या वेळचं असतं. गाव पसरलंय त्याच्या कितीतरी पुढे.

आमच्या डोंगराकडच्या वाड्यांत तर हे फार होतं. चाळीसेक घरं, देऊळ, अंगणवाडी, प्रत्येक घराला ग्रामपंचायतीचा नंबर आणि विजेचा मीटर, बघणाऱ्याला हेच गाव वाटतं. नकाशा उघडला की ती सगळी वाडी गट नंबरांवर बसलेली असते आणि गावठाण ओढ्यापलीकडे, मूळ गावात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी देवळाच्या पायरीपासून टेप लावून १४० मीटर मोजून आणले होते, टेप अगदी ताणून धरली होती म्हणे. गावठाणाची हद्द तिथून पाऊण किलोमीटरवर निघाली. तेव्हा आधी गाव नकाशा बघा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटांचे आकार घरबसल्या दिसतात, त्यावरून अंदाज येतो. पक्कं उत्तर मात्र भूमी अभिलेख कार्यालयातल्या नकाशाचं. गावठाणाला पुढे वाढ मिळाली असेल तर विस्तारित गावठाणाचा आदेश तहसीलला मिळतो, तोही विचारा. त्याने कधीकधी सगळं गणित तुमच्या बाजूला फिरतं. शिवाय तुमचा गट मोठा आहे. त्यातला पुढचा भाग २०० मीटरच्या आत आणि मागचा बाहेर, असं होऊ शकतं. तसं असेल तर सवलत फक्त आतल्या भागाला, आणि घर त्या भागातच बसवावं लागेल.

दुसरी शक्यता रहिवास विभागाची. यासाठी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. गट नंबर, गाव, तालुका लिहून साधा अर्ज आणि ठरलेली फी, एवढंच लागतं. सगळ्या प्रकरणात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी कागद आहे, आणि लोक तो सगळ्यात शेवटी काढतात. जमीन रहिवास विभागात निघाली तर बिनशेतीची वाट ४२-ब किंवा ४२-क खाली पुष्कळ सोपी होते. काही प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रात गावठाणालगत, २०० मीटरच्याही पलीकडे, अधिमूल्य भरून रहिवासी बांधकाम करता येतं आणि ते अंतर गावाच्या लोकसंख्येवर ठरतं. म्हणून झोन दाखल्यात "शेती विभाग" आलं की लगेच हात टेकू नका. तिथल्याच रचना सहायकांना विचारा, "गावठाणालगतच्या तरतुदीत हे बसतं का?" नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं मिळतं.

तिसरी शक्यता शेती विभागाची. खरं सांगायचं तर तुमच्यासारख्यांना हीच सगळ्यात जास्त लागू पडते. इथे वाट शेतघराची. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला आम्ही सगळे यूडीसीपीआर म्हणतो, डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यात शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर क्षेत्र आणि ०.०३७५ चटई क्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या किती पट बांधता येईल तो आकडा) आहे, एकूण बांधकाम जास्तीत जास्त ४०० चौरस मीटर. एका एकराचा हिशोब करून बघा. ४,०४७ चौरस मीटर गुणिले ०.०३७५ म्हणजे साधारण १५२ चौरस मीटर, सोळाशे चौरस फुटांच्या आसपास. तुमचं अकराशे चौरस फुटांचं घर म्हणजे १०२ चौरस मीटर, ते आरामात बसतं. तुमचं एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे तोवर ०.४ हेक्टरची अडचणही नाही. अडचण वाटणीनंतर येते: चौघांत समान वाटलं तर प्रत्येकी ३० आर. नियमावलीत क्षेत्र कमी असलं तरी प्रत्येक धारणेमागे एक शेतघर अशी सूट आहे, पण महसूल संहितेच्या कलम ४१ मध्येही ०.४ हेक्टरची अट आहे. म्हणून अशा प्रकरणात मी नगररचनेचं आणि तहसीलचं म्हणणं आधी लेखी घेते, मगच वाटणीचा कागद करा म्हणते. आणि शेतघर म्हणजे शेती करणाऱ्याचं घर, शेती चालू ठेवून. तिथे पुढे लॉज किंवा भाड्याच्या खोल्या काढायचा विचार असेल तर आत्ताच सांगा, कारण ती फाईल वेगळी.

जाणकार काकांचे ३२०० चौरस फूट कुठून आले तेही सांगते. यूडीसीपीआर आल्यानंतर, २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास खात्याकडून लहान भूखंडांच्या परवानगीत सूट देण्याची घोषणा झाली आणि ती सगळ्या पेपरांत आली. गंमत अशी, की ते आकडे भूखंडाचे आहेत, घराचे नाहीत. १५० चौरस मीटर, म्हणजे सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचं असेल तर मालकीचे कागद, मोजणीचा किंवा लेआउटचा नकाशा, इमारतीचा नकाशा, तो नियमावलीप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि शुल्क भरल्याची पावती एवढं ग्रामपंचायतीला दिलं की काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, द्यायचं. सोय चांगली आहे, मी ती मंजूर लेआउटमधल्या प्लॉटांना बऱ्याचदा वापरते. पण तुमचा भूखंड १२,००० चौरस मीटरचा आहे. "मग त्यातला तीन गुंठ्यांचा तुकडा पाडून घेऊ," असं कुणी ना कुणी सुचवेलच. तिथे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. शेतीतला तीन गुंठ्यांचा तुकडा सरळ पाडता येत नाही. जुन्या गुंठेवारी व्यवहारांना (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या तुकड्यांना) नियमित करण्यासाठी शासनाने अलीकडे सवलती दिल्या आहेत, पण त्या आधी झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. त्यांच्या भरवशावर नवा तुकडा पाडू नका.

आता मालकीकडे येऊ. प्रश्नात तुम्ही हा विषय एका ओळीत उरकलाय, पण माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे. सातबाऱ्यावर चार नावं आहेत. तुम्ही त्यातले नाहीच, वडील आहेत. सामाईक खात्यावर एकट्याचा अर्ज चालत नाही, बाकीच्या तिघांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागते. "काका तयार आहेत, आत्याची सही शेवटी घेऊ" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता फाईल घ्यायच्या आधी आत्यांचा फोन नंबर मागते. आत्याचा हक्क काकांइतकाच आहे. तिला विश्वासात न घेता पाया खणायला लागलात तर ती किंवा तिची मुलं हरकत घेतील, आणि हरकतीचा अर्ज आला की कोणताही अधिकारी फाईल बाजूला ठेवतो. त्यात त्याचं चुकतही नाही.

वाट दोन प्रकारची आहे. सगळ्यांचं सूत जमत असेल तर कलम ८५ खाली वाटणी करून घ्या, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. आत्या स्वखुशीने सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. त्यानंतर फेरफार, त्याची पंधरा दिवसांची नोटीस, मग नवा सातबारा. याला वेळ लागतो, पण घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न पुढच्या पिढीला छळत नाही. सूत जमत नसेल किंवा घाई असेल तर संमतीपत्रावर काम होऊ शकतं. फक्त समजून घ्या, की पैसे तुम्ही घातलेत तरी सामाईक जमिनीवरचं घर उद्याच्या वादात सामाईकच धरलं जाईल असं चुलतभाऊ म्हणू शकतात. मी स्वतः वाटणीच्या बाजूची आहे. तुमच्या बाबतीत मात्र वर सांगितलेलं ०.४ हेक्टरचं कोडं आहे. म्हणून झोन दाखला हातात येईपर्यंत वाटणीचा कागद थांबवा. जमीन २०० मीटरच्या आत किंवा रहिवास विभागात निघाली तर बेलाशक वाटणी करा. शेती विभागात निघाली तर आधी लेखी विचारणा, मग निर्णय.

सातबारा काढाल तेव्हा तो शेवटपर्यंत वाचा. लोक क्षेत्र आणि नावं बघून घडी घालतात. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल, इनाम-वतनाची असेल किंवा कूळकायद्यात मिळालेली असेल, तर परवानगी आणि नजराण्याचा वेगळा अध्याय सुरू होतो. इतर हक्कात काय लिहिलंय? विकास सोसायटीचा बोजा बहुतेक ठिकाणी असतोच. कर्ज फिटलं असेल तर बोजा कमी केल्याची नोंद करून घ्या. आपल्या जिल्ह्यात धरणांच्या लाभक्षेत्रातल्या कित्येक सातबाऱ्यांवर "पुनर्वसन" असा शेरा आहे, तो असेल तर पहिलं काम त्याचं. आणि कुणी मयत असेल तर वारस नोंद झालेली हवी. मयत माणसाची सही कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

मग मोजणी. अर्ज उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे, ऑनलाइन. हद्द कायम मोजणी मागा. बिनशेतीची वाट पक्की झाली असेल तर बिनशेती मोजणी. मोजणीनंतर मिळणारा "क" प्रतीचा नकाशा हा तुमच्या घराच्या नकाशाचा पाया. तो येण्याआधी मी घराची एकही भिंत काढत नाही. कारण असं, की रस्त्याकडेच्या शेतात कागद आणि जमीन क्वचितच जुळतात. तुमच्या कोपऱ्यापुढचा रस्ता आधी बैलगाडीचा असेल, मग खडीचा झाला, मग डांबरी झाला, आणि दर वेळी तो तुमच्या शेतात थोडा थोडा सरकला. सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्ण, जाग्यावर मात्र रस्ता आत आलेला. "क" प्रतीत अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. दोन्हींत फरक दिसला तर शेजाऱ्याशी बोलणं तेव्हाच करा, पाया खणल्यावर नको. मोजणीच्या दिवशी तुम्ही किंवा वडील हजर राहा, लगतच्या खातेदारांना नोटिसा पोचल्यात का बघा, आणि मोजणीदारांनी दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड रोवून घ्या. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते.

तो रस्ता कोणाचा आहे हेही शोधा. राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत? त्यावर रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडायचं, म्हणजे इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, हे ठरतं आणि ना हरकत कोणाची लागणार तेही. रस्त्याला चिकटून घर बांधायची हौस गावाकडे फार. पुढे दुकान काढता येईल असा हिशोब असतो. नियम तुम्हाला मागे ढकलणार आहे, म्हणून जागा निवडतानाच मागे सरका. बाकीचे ना हरकत दाखले जागेवर अवलंबून आहेत. नदीकाठ असेल तर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा. २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, तिच्या आत बांधकाम नाही. १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल, निळी आणि लालच्या मध्ये बंधनं. वरून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल तर त्या तारांपासूनचं अंतर. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात असाल तर २००१ पासून तो भाग पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथले नियम सगळेच वेगळे. कोकणात असता तर सीआरझेडचं, म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या नियमांचं, लिहिलं असतं.

आता प्रत्यक्ष फाईल. ताजा सातबारा, ८-अ, आवश्यक ते फेरफार, "क" प्रत, झोन दाखला आणि भाग नकाशा, सहहिस्सेदारांची संमती, ग्रामपंचायतीचा ना हरकत, रस्त्याचा ना हरकत आणि बांधकामाचे नकाशे. नकाशात स्थलदर्शक नकाशा, गटाच्या हद्दीत घराची जागा, चारही बाजूंची सोडलेली अंतरं, मजल्याचा आराखडा, छेद, दर्शनी बाजू, सेप्टिक टँक आणि क्षेत्राचा तक्ता असतो. जुनं बांधकाम असेल आणि पाडणार असाल तर ते पिवळ्यात, नवीन लालमध्ये. तुमच्या शेतात जुनी पडवी किंवा गोठा असेल तर तो दाखवा. लपवलात तर स्थळपाहणीला आलेले लोक तोच आधी बघतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने जातो. प्रत्यक्ष अधिकार उपविभागीय अधिकाऱ्यांकडे की तहसीलदारांकडे दिलेत हे जिल्ह्यागणिक बदलतं. तिथून फाईल तांत्रिक अभिप्रायासाठी नगररचनेकडे आणि परत. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात हे सगळं नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १८ खाली चालतं.

पैसे चार-पाच ठिकाणी जातात: छाननी शुल्क, विकास शुल्क, बिनशेती असेल तर त्याचं लागू असलेलं शुल्क, आणि कामगार उपकर, जो बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर उपकरातून सूट आहे. सगळं चलनाने भरा. तहसीलच्या गेटवर "सगळं मिळून एवढे द्या, मी बघतो" म्हणणारे भेटतील. त्यांच्या आकड्यात चलन किती आणि बाकी काय, हे विचारलंत की बोलणं तिथेच थांबतं.

किती दिवस लागतील, हे मी कधीच तारीख देऊन सांगत नाही. मोजणीला किती रांग आहे, नगररचनेत किती फायली पडून आहेत आणि तुमची फाईल पहिल्यांदाच पुरी आहे की नाही, यावर ते ठरतं. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत, तिसरी आहे. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. त्रुटीपत्र आलं तर सगळ्या त्रुटींची पूर्तता एकदम करा, एकेक कागद नेऊन देऊ नका. कायद्यात ६० दिवसांत निर्णय न दिल्यास परवानगी मानीव धरण्याची तरतूद आहे आणि लोक ती मोठ्या उत्साहाने सांगतात. ती पूर्ण आणि नियमात बसणाऱ्या अर्जाला लागू आहे. तिच्या जोरावर बांधलेल्या घराला बँक कर्ज देत नाही, आणि एखादं अंतर कमी निघालं की मानीव परवानगी तुम्हाला वाचवत नाही. विलंबच होत असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करा, ती वाट जास्त कामाची.

"इतकं सगळं न करता बांधलं तर?" असं तुम्ही शेवटी भीतभीत विचारलंय. गावात निम्मी घरं तशीच उभी आहेत, हे खरं. महसूल संहितेच्या कलम ४५ खाली दंड आणि नगररचना कायद्याखाली नोटीस, असं कायद्यात आहे. ते कधी येईल ते कुणी तक्रार करतं का यावर ठरतं, आणि सामाईक जमिनीत तक्रारदार घरातलाच असतो. पण तुमच्या बाबतीत हा प्रश्न बँकेने आधीच निकालात काढलाय. मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्राशिवाय कर्जाचा पहिला हप्ताही सुटणार नाही. त्यातही एक लक्षात ठेवा: शेती विभागातल्या शेतघराला सगळ्या बँका गृहकर्ज देत नाहीत. "शेतघराच्या परवानगीवर कर्ज देता का, आणि सहहिस्सेदारांना सहकर्जदार व्हावं लागेल का," हे शाखेत आधी विचारून घ्या. उत्तर नाही आलं तर दुसरी बँक शोधायला तेव्हा वेळ असेल.

मंजुरी मिळाल्यावरही काही गोष्टी उरतात. काम सुरू झालं नसेल तर परवानगीचं वर्षाच्या आत नूतनीकरण करावं लागतं. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या. गवंड्याने "साहेब, स्वयंपाकघर दोन फूट पुढे घेतलं, मोकळं वाटतंय" असं केलेलं तिथेच पकडता येतं. स्लॅब पडल्यावर काही करता येत नाही. ठाण्यात बसून बांधकाम करणाऱ्यांनी तर जोत्याच्या वेळी सुट्टी काढून यावंच. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, आणि मग ते दाखवून ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद. क्रम असा आहे, उलटा नाही.

म्हणून आत्ता नकाशा करून घेऊ नका, मलाही पैसे देऊ नका. या महिन्यात तीनच कामं: ताजा सातबारा आणि ८-अ काढून इतर हक्कांसकट वाचणं, झोन दाखल्याचा अर्ज, आणि गाव नकाशावर गावठाणाची हद्द पाहणं. आत्यांकडे एकदा जाऊन या, फोनवर नको. झोन दाखला आला की मोजणीचा अर्ज टाका, पण तारीख बघून. कोपऱ्यात जिरायत असली तरी शेजारच्या गटात ऊस उभा असेल तर हद्दीवर मोजणीची साखळी तर दूरच, माणूससुद्धा धड जात नाही. ऊसतोड झाल्यावरची आणि वळवाच्या आधीची तारीख मागा. नियम अलीकडे भराभर बदलताहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी कोणतं परिपत्रक लागू आहे हे तहसीलच्या बिनशेती लिपिकांना विचारून त्याची प्रत फायलीत वरच लावा.